आत्यांच्या पायाखालची फरशी

आमचं घर खानापूर तालुक्यात, रानाच्या बाजूला. भिंती जांभ्याच्या, वर कौलं, आणि गेल्या वर्षापर्यंत माजघराची जमीन शेणानं सारवलेली. पडवीत तेवढी शहाबादी फरशी होती, सासऱ्यांनी घातलेली, कडा उडालेली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी चाळीस वर्षं ही जमीन राखली. सणाला सारवायची, पावसाळा सरला की पोपडे खरवडून नव्यानं चोपून घ्यायची. परवाच्या पावसाळ्यात मोरीतनं बाहेर येताना ओल्या जमिनीवर त्यांचा पाय सरकला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी ह्यांनी आणि मी ठरवलं, शिमगा झाला की जमीन काढायची आणि मृगाच्या आत फरशी घालून मोकळं व्हायचं.

आमच्याकडे पावसात असलं काम काढताच येत नाही. मलप्रभा उगवते ते कणकुंबी आमच्याच तालुक्यातलं, एवढं सांगितलं तरी पाऊस कसला असतो ते कळेल. जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी पितो, भिंती श्रावणापर्यंत थंडगार ओल्या असतात. म्हणून फरशी कुठली घ्यायची ह्याच्या आधी खालची ओल कशी थांबवायची हा विचार करायला हवा होता. आम्ही मात्र आधी दुकानात गेलो.

बेळगावच्या दुकानांत तीन चकरा झाल्या. पहिल्या चकरेत मी पुरती भुलले. हस्तिदंती रंगाची, संगमरवरासारख्या करड्या रेघांची, आरशासारखी चकचकीत टाईल होती. वरून दिवे सोडलेले, टाईल उभी लावलेली. तिथं सगळंच सुंदर दिसतं. माणूस फरशीकडे उभा राहून, वरून बघतो, आणि तीही आडवी असते, खिडकीच्या उजेडात असते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. टाईल बहुतेक सगळी गुजरातेतल्या मोरबीहून येते, दुकान कुठलंही असो. नावं मात्र ऐकून घाबरायला होतं: सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, डबल चार्ज, जीव्हीटी म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड. मला जे उमगलं ते एवढंच. साधी सिरॅमिक टाईल म्हणजे भाजलेली माती आणि वर चकाकीचा थर. भिंतीला लावायची असते ती तर चांगलीच पाणी शोषते. व्हिट्रिफाइड जास्त उष्णतेवर इतकी घट्ट भाजलेली असते की तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी ती घेते. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीनेक मिलिमीटर जाड असतो, म्हणून झिजली तरी लवकर पांढरी पडत नाही. जीव्हीटीमध्ये नक्षी वर छापून त्यावर काचेचा थर देतात, त्यामुळे लाकूड, दगड, कापड, हवी ती नक्षी मिळते.

हे सगळं दुकानदारानं सांगितलं; खात्री मात्र घरी झाली. चार नमुने मागून आणले. पालथे घालून पाठीवर चमचाभर पाणी टाकलं. एक टाईल ते पाणी डोळ्यांदेखत प्यायली, पाठ काळी पडली. बाकीच्या दोघींवर थेंब तसाच गोल बसून राहिला. चौथी मधली. तेवढ्यानं कुठली टाईल कसली हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

मग ती खरी परीक्षा, जी मला सुचली नव्हती. आत्या म्हणाल्या, "पडवीत मांड बघू सगळ्या, ओळीनं." त्यांनी पाय धुतले आणि ओल्या पायानं एकेकीवर उभ्या राहिल्या, माझा खांदा धरून. माझ्या त्या हस्तिदंती टाईलवर टाच टेकली तशी त्यांची बोटं आखडली. काही बोलल्या नाहीत, खाली उतरल्या. मातकट करड्या रंगाच्या, खरखरीत मॅट टाईलवर गेल्या तेव्हा खांद्यावरचा हात सैल झाला. "हिच्यावर पाय धरतोय," म्हणाल्या. माझं ठरलं ते तिथंच. घरात सगळ्यात जास्त चालतात त्या आत्या, रात्री दोनदा उठून मोरीत जातात त्या आत्या. मला ती हस्तिदंती अजूनही आवडते, पण आमच्या माजघरासाठी ती चुकीची होती.

दगडाचा प्रश्न वेगळा होता. ह्यांचं म्हणणं, सगळ्या घराला शहाबादीच घालू, आपल्याच राज्यातला दगड. खरं आहे ते. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव. तिथला चुनखडक थराथरांचा, म्हणून त्याच्या सरळ पाट्या निघतात. उन्हाळ्यात गार, अनवाणी पायाला बरी, आणि झिजली तर मशीननं घासून पुन्हा पॉलिश करता येते, टाईलचं तसं होत नाही. पण तो चुनखडक आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात चिंच, कोकम, लिंबू रोजचं. मी पॉलिश केलेल्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून कान लावला. अगदी बारीक चुर्र ऐकू आलं, कडेला फेस आला. पुसल्यावर तिथं पांढुरका, निस्तेज डाग राहिला. तो डाग आजही त्या तुकड्यावर आहे. तोच थेंब टाईलवर आणि काळ्या ग्रॅनाइटवर रात्रभर ठेवला, काही झालं नाही. राजस्थानचा कोटा आणि आंध्रचा कडप्पा हेही चुनखडकच, त्यांचीही तीच गत.

शेवटी खोलीखोलीचं वेगळं ठरलं. पडवीला शहाबादी, घासलेली पण चकचकीत पॉलिश न केलेली. माजघर आणि स्वयंपाकघराला आत्यांची मॅट व्हिट्रिफाइड टाईल, दोन बाय दोन फुटांची. मोरीला एक बाय एकची, आणखी खरखरीत. ओट्याला काळा ग्रॅनाइट. मांडणीला जुनाच कडप्पा. उंबऱ्याला मात्र आत्यांनी हट्ट केला, लाल दगड पाहिजे. तो इलकलचा ग्रॅनाइट, बागलकोट जिल्ह्यातला, गुलाबी-लाल. ज्या गावच्या इरकली साड्या त्यांच्या पेटीत आहेत त्याच भागातला दगड उंबऱ्याला आला ह्याचा त्यांना फार आनंद झाला.

काम सुरू झालं त्या दिवशी मिस्त्रींनी नमुन्याच्या टाईलकडे बघितलंसुद्धा नाही. मिस्त्री बैलहोंगलकडचे, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. कोपऱ्यात पहार घातली, मूठभर माती उचलून दाबली. मातीचा लाडू झाला. मार्च महिना, बाहेर रखरखीत ऊन, आणि माजघराची माती ओली. "अक्का, ह्याच्यावर सोनं घातलं तरी उचलणार बघा," म्हणाले.

मग दोन दिवस नुसती खोदाई. फूटभर माती काढली, उंदरांची बिळं निघाली, एकात तर दोन-तीन शेर भात. खाली मुरूम दोन थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं चोपला. आठवडाभर तसाच पाण्यानं बसू दिला. त्यावर दगडांचं सोलिंग, सांध्यांत बारीक मुरूम, वर वाळूचा पातळ हात. मग जाड प्लास्टिकचा कागद, जोडावर फूटभर एकावर एक घेऊन, भिंतीच्या कडेला चार इंच वर वळवून. त्याच्यावर सिमेंट, वाळू, खडी एकास चार, आठ अशी घेऊन चार इंचांचा कोबा. वर वळवलेला कागद पुढं स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावतात त्या पट्टीच्या, मागं झाकला गेला. ह्या सगळ्याचा खर्च टाईलच्या खर्चाच्या जवळ गेला आणि त्यातलं काहीही आज डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या काकू विचारत होत्या, एवढे पैसे मातीत का घालता. आमच्या बाजूच्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे, पैसे कमी असतील तर टाईल स्वस्तातली घ्या, पण हा कागद आणि ही चोपणी सोडू नका.

त्या काळात आम्ही स्वयंपाक गोठ्याच्या पडवीत करत होतो. ते सांगत बसत नाही, ज्यांनी घर काढलंय त्यांना ठाऊक आहे.

लेव्हल काढायचा दिवस मला फार आवडला. मिस्त्री कन्नडमधला 'मट्ट' हाच शब्द वापरतात. पारदर्शक नळी, दहा-बारा मीटर लांब, पाण्यानं भरलेली. एक टोक त्यांच्या पोराकडं, एक त्यांच्याकडं. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते म्हणून त्यांनी आधी नळी उजेडात धरून बोटानं टिचक्या मारत तिची सगळी लांबी तपासली. मग दाराच्या चौकटीवर एक खूण आणि तिथून चारी भिंतींवर त्याच उंचीच्या निळ्या रेघा. रेघेपासून खाली टेपनं मोजलं तेव्हा कळलं, मोरीकडचा कोपरा दाराकडच्यापेक्षा दीड इंच खाली होता. चाळीस वर्षं आम्ही उतारावर जेवत होतो आणि कुणाला कळलं नव्हतं. दाराची फळी नव्या फरशीला घासेल का हेही त्याच रेघेवरून आधी बघून घेतलं. सुताराला आधीच बोलावलं, अर्धा इंच रंधून घेतलं.

भिंतीही काटकोनात नव्हत्या. मिस्त्रींनी एका बाजूनं तीन फूट, दुसऱ्या बाजूनं चार फूट मोजून तिरकं अंतर बरोबर पाच येतं का बघितलं. आलं नाही. मग दोऱ्या भिंतीला धरून न लावता दाराच्या उंबऱ्याला धरून लावल्या. अख्ख्या टाईल दाराकडे, कापलेल्या तुकड्यांची ओळ मागच्या भिंतीला, जिथं कणगी आणि पेट्या असतात. माजघरात शिरणाऱ्या माणसाला वाकडेपणा दिसत नाही.

आता चुका. पहिली माझी. माजघर बारा बाय सोळा, १९२ चौरस फूट. दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार टाईल येतात, साडेपंधरा चौरस फूट भरतात. मी भागाकार केला, १२.४ आला, १३ बॉक्स मागवले. कापण्यात जाणारा माल आणि स्कर्टिंग धरलंच नाही. चार इंची स्कर्टिंगलाच दारं वगळून साधारण एक बॉक्स लागतो, तुकड्यांना एक, आणि पुढं कधी एखादी फुटली तर हाताशी एक. म्हणजे १६ घ्यायला हवे होते. कमी पडले तेव्हा फोन करून तीन मागवले. दुकानातून तीच नक्षी, तोच नंबर आला. पण बॉक्सवर शेड आणि बॅचचा वेगळा आकडा असतो, तो मी बघितला नव्हता. लावण्याआधी जुन्याशेजारी ठेवून बघितली तर नवी किंचित पिवळट. दुकानदारानं परत घेतली नाही, 'शेडमध्ये एवढा फरक असतोच' म्हणाला. माझं मत, हे ग्राहकाला माल देताना सांगायला हवं. ते तीन बॉक्स कोठीच्या खोलीत लागले आणि स्कर्टिंग आम्ही मुद्दाम गडद रंगाची वेगळीच घेतली.

दुसरी चूक मोठी होती आणि ती आम्हा सगळ्यांची. माजघराच्या पहिल्या दोन ओळी मिस्त्रींनी जुन्या पद्धतीनं लावल्या, ओल्या मालावर सिमेंटचं घट्ट पाणी ओतून, वर टाईल ठेवून रबरी हातोडीनं ठोकून. शहाबादीला ही पद्धत उत्तम. दगडाची जाडी कमी-जास्त असते, खालच्या मालात ती जिरते, आणि दगड सिमेंट धरतो. व्हिट्रिफाइड टाईल पाणीच घेत नाही, मग सिमेंटला धरायला काही नसतं. तिसऱ्या दिवशी मी झाडताना केरसुणीची मूठ खाली पडली आणि आवाज वेगळा आला. मग रुपयाचं नाणं घेऊन गुडघ्यावर बसून सगळ्या टाईल वाजवल्या. भरीव टाईल 'टक' वाजते, आखूड. पोकळ वाजते ती मडक्यासारखी, आवाज क्षणभर रेंगाळतो. सोळांपैकी सात पोकळ निघाल्या, त्यांवर खडूनं फुली मारली. मिस्त्री आले, त्यांनीही वाजवून बघितल्या, आणि वाद न घालता पटाशी मागितली. उचलल्या तर पाठ जवळजवळ कोरी, सिमेंट नुसतं कोपऱ्यांना चिकटलेलं.

त्यापुढं पद्धत बदलली. आधी सगळ्या खोलीत वाळू-सिमेंटचा थर रेघेबरोबर एकसारखा ओढून घेतला, आठवडाभर पाणी मारलं. कडक झाल्यावर त्यावर टाईल चिकटवायचं ॲडेसिव्ह, दातेरी थापीनं सरळ रेघांत पसरून. टाईलच्या पाठीलाही पातळ हात. एका वेळी चार टाईलपुरतंच पसरायचं, कारण उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत त्यावर साय धरते आणि मग चिकटत नाही. पहिली लावल्यावर मिस्त्रींनी लगेच ती उचलून मला पाठ दाखवली. सगळीकडं माल लागलेला होता. मग पुन्हा बसवली. मधे फट राखायला दोन मिलिमीटरचे स्पेसर. टाईल एकमेकींना टेकवून लावू नका हे मिस्त्रींनीच सांगितलं. उन्हाळ्यात तापून त्या फुगतात, जागा नसली की मधल्याच वर उठतात.

मोरीसाठी एक बाय एकची टाईल घेतली त्याचं कारण उतार. मोठी टाईल वाकत नाही, चारी बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर ती तिरकी कापावी लागते. लहान टाईल सहज वळते. पाच फुटांना पाऊण इंच उतार दिला. मोरीच्या दाराला उंच पट्टी बसवायची पद्धत आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पण आत्यांचा पाय त्याच पट्टीला अडखळला असता. म्हणून पट्टी न घालता मोरीचीच जमीन इंचभर खाली घेतली. टाईलच्या आधी वॉटरप्रूफिंग करून दिवसभर पाणी कोंडून ठेवलं, भिंतीवर खूण करून. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं. टाईल झाल्यावर बादली ओतून बघितली. एका कोपऱ्यात तळहाताएवढं पाणी राहिलं. तिथल्या दोन टाईल त्याच दिवशी काढून पुन्हा लावल्या. ओल्या होत्या तोवर ते सोपं होतं.

माजघरात एक उखळ होतं, जमिनीत पुरलेलं. मिस्त्री म्हणाले, काढून अंगणात ठेवू. आत्या काही बोलेनात, पण जेवल्याही नाहीत. त्या उखळात त्यांनी पोहे कांडलेत, मिरच्या कांडल्यात, घरच्या लग्नाची हळद कुटलीय. टाईलमध्ये गोल कापून बसवायचा विचार केला, पण मुसळाच्या दणक्यानं आजूबाजूच्या टाईल सुटल्या असत्या. शेवटी उखळ पडवीत आणलं. मिस्त्रींनी खाली दगड-सिमेंटची वेगळी बैठक केली आणि भोवतीच्या चार शहाबादी फरश्या चतकोर भाकरीसारख्या आतून गोल कापल्या. कटरला पाणी लावून, हळूहळू, एका फरशीला पाऊण तास. उखळ आणि फरशीच्या मधे बोटभर जागा सोडून तिथं नुसती वाळू भरली, दणका फरशीपर्यंत जाऊ नये म्हणून. त्या दिवसाची मजुरी चौरस फुटावर मोजली नाही, रोजानं दिली. दिलीच पाहिजे होती.

जुन्या पडवीच्या फरश्याही फेकल्या नाहीत. उलट्या केल्या तर खालची बाजू कोरी निघाली. त्या परसात, तुळशीच्या भोवती लागल्या.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींचं पोरगं ॲसिडची बाटली घेऊन आलं, सिमेंटचे डाग धुवायला. टाईल ठीक, पण पडवीकडे वळलं तसं मी आडवी उभी राहिले. लिंबाच्या चार थेंबांनी काय केलं होतं ते मी बघितलं होतं. पडवीतले डाग आम्ही पत्र्याच्या पातीनं खरवडून आणि साध्या पाण्यानं काढले, दोन दिवस लागले.

मृगाच्या चार दिवस आधी काम संपलं. जुलैच्या झडीत मी रोज सकाळी माजघराच्या कोपऱ्यात तळहात टेकवून बघत होते. फरशी गार होती, ओली नव्हती. आत्या रात्री एकट्या उठून मोरीत जातात, पहिले काही दिवस भिंतीला हात लावून जायच्या, आता लावत नाहीत. सारवणाचा वास मात्र त्यांना आठवतो. म्हणून उंबऱ्याबाहेर अंगणाचा पट्टा तसाच मातीचा ठेवलाय, तो त्या सारवतात आणि रांगोळी तिथं घालतात.

परवा नाणं घेऊन पुन्हा सगळं माजघर वाजवलं. कणगीजवळची एक टाईल अजून मडक्यासारखी वाजते. मिस्त्रींना फोन केला. "गौरी जाऊ द्या अक्का, येऊन बघतो," म्हणाले. सुट्या उरलेल्या दोन टाईल माळ्यावर आहेत, त्याच बॅचच्या.